व्हिक्टोरिया फॉल्स, ऑक्टोबर आणि चार रात्री: थरारासाठी नेमकं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिशीतले तीन मित्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार रात्री व्हिक्टोरिया फॉल्सला, म्हणजे आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर झांबेझी नदीवर असलेल्या धबधब्याला जाणार आहेत. पुलावरची बंजी, राफ्टिंग, डेव्हिल्स पूल, मायक्रोलाइट, गॉर्ज स्विंग, हेलिकॉप्टर अशी लांबलचक यादी समोर आहे, पण सगळं करायला वेळही नाही आणि पैसेही नाहीत. एकाला पोहता येत नाही, एकाच्या चष्म्याचा नंबर उणे सात आहे. त्यात कुणीतरी सांगितलं की ऑक्टोबरात तिथे पाणीच नसतं. मग तिकिटं काढून चूक झाली का?

चूक अजिबात झालेली नाही. तुम्ही थरारासाठी जात असाल तर याहून चांगला महिना क्वचितच मिळेल. मी कोलाडला कुंडलिकेवर आणि मग ऋषिकेशला गंगेवर राफ्ट चालवायला शिकलो. गेली अकरा वर्षं छोटे गट घेऊन झांबेझीवर जातो. या काळात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होताना पाहिला तो या एकाच मुद्द्यावर, म्हणून आधी पाण्याचं गणित समजून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

आपल्याकडे पाऊस पडला की दोन तासांत ओढा फुगतो. झांबेझीचं तसं नाही. तिचं पाणी येतं अंगोला आणि झांबियाच्या वायव्य भागातून. तिथे डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो, ते पाणी वाटेत बारोत्सेच्या प्रचंड पूरमैदानात पसरतं, रेंगाळतं आणि मग सावकाश खाली येतं. त्यामुळे धबधब्याला खरा पूर येतो मार्च-एप्रिलमध्ये, आकाश निरभ्र व्हायला लागल्यावर. तेव्हा 1708 मीटर रुंदीची ती अख्खी भिंत कोसळत असते, तुषार चारशे मीटर वर चढतात आणि समोर उभं राहिलात तरी पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. स्थानिक लोक तिला मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, गडगडणारा धूर. एप्रिलमध्ये ते नाव शब्दशः पटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाणी उतरत उतरत पुराच्या साधारण एक दशांशावर येतं. धबधब्याचा झांबियाकडचा भाग, ईस्टर्न कॅटरॅक्ट, जवळपास कोरडा पडतो, काळा बेसॉल्ट उघडा दिसतो. झिंबाब्वेकडचा मेन फॉल्स आणि डेव्हिल्स कॅटरॅक्ट मात्र वाहत राहतात.

आता मुख्य गोष्ट. धबधबा जेव्हा सगळ्यात भव्य असतो, तेव्हा खालची दरी राफ्टसाठी बंद असते आणि वरचा डेव्हिल्स पूलही बंद असतो. धबधबा ओसरला की दोन्ही उघडतात. धबधब्याची भव्यता अनुभवायची असेल तर एप्रिल-मे, पाण्यात उतरायचं असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. तुम्ही दुसऱ्या प्रकारचे आहात, तेव्हा "पाणी नसतं" या वाक्याने खट्टू होऊ नका.

मला विचाराल तर पहिला नंबर राफ्टिंगचा, आणि दुसरा बराच मागे आहे.

याचं कारण असं. बंजी जगात पन्नास ठिकाणी करता येते. हेलिकॉप्टर कुठेही मिळतं. पण धबधब्याच्या पायथ्यापासून सुरू होणारी बटोकाची दरी दुसरीकडे नाही. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, त्यात आडव्यातिडव्या भेगा, आणि त्या भेगा एकेक करून कोरत नदी मागे मागे सरकत आलेली. धबधब्याखालच्या नागमोडी दऱ्या म्हणजे तो धबधबा आधी जिथे जिथे होता त्या जागा. तुम्ही राफ्टमध्ये बसून त्या जुन्या जागांमधूनच जाता. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आकाशाची पट्टी, आणि पंचवीस रॅपिड, म्हणजे पाणी खळाळत कोसळतं ते उतार. त्यांना एक ते पंचवीस असे आकडे आहेत, शिवाय प्रत्येकाला टोपणनाव. 1981 मध्ये पहिल्यांदा राफ्ट या दरीतून खाली गेली आणि तेव्हापासून ही जगातल्या सर्वांत अवघड व्यावसायिक राफ्टिंगच्या नद्यांत गणली जाते. रॅपिडच्या अवघडपणाच्या एक ते सहा श्रेणी असतात, आणि यातले बरेच रॅपिड श्रेणी चार आणि पाचचे आहेत. कोलाडला आपण जे करतो ते दोन-तीनचं. नऊ नंबरचा रॅपिड, कमर्शियल सुइसाइड, सहाव्या श्रेणीचा आहे. तिथे सगळ्यांना उतरवून खडकांवरून चालत पुढे नेतात. त्याच्याबद्दल गाइडशी हुज्जत घालू नका.

राफ्ट उलटेल का? मोठी शक्यता आहे, विशेषतः अठराव्या रॅपिडला, ज्याला ऑब्लिव्हियन म्हणतात. तीन लाटा एकामागोमाग, तिसरी राफ्टवर मागे कोसळणारी. पण ही नदी एका बाबतीत दयाळू आहे. तिचा स्वभाव कुंड-उतार, कुंड-उतार असा आहे. प्रत्येक रॅपिडनंतर शांत, लांब, खोल पाणी येतं. पाणी इतकं खोल असतं की हिमालयातल्या उथळ, दगडाळ नद्यांसारखे गुडघे-कोपरे फुटत नाहीत. आणि ऑक्टोबरात ते कोमट असतं. थंड पाण्यात पडल्यावर छाती आवळते, श्वास अडकतो, तसं इथे होत नाही.

उलटल्यावर काय होतं ते जवळून सांगतो, कारण हे आधी माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस यांत फार फरक पडतो. आधी आवाज बंद होतो. पाण्यावर कानठळ्या बसत असतात, पाण्याखाली एकदम मुका घोंगाट. डोळे उघडे असतील तर हिरवं दिसतं, मग पांढरं, मग पुन्हा हिरवं. वर कुठे हे कळत नाही, आणि ते शोधायचंही नाही. हातपाय मारू नका. लाइफ जॅकेटला दिशा माहीत असते. मनात सावकाश एक, दोन, तीन, चार मोजा. बहुतेक वेळा सहा-सातच्या आत डोकं बाहेर येतं. बाहेर येताच हावरटासारखा श्वास घेऊ नका, कारण पुढची लाट तोंडावर असते. लाटेच्या माथ्यावर तोंड मिटायचं, दोन लाटांच्या मधल्या खोलगटीत श्वास घ्यायचा. डोकं राफ्टच्या खाली आलं तर दोन्ही हात वर टेकवून, भिंतीवर चालतो तसे हात एकाच दिशेने सरकवत राहा. दिशा बदलू नका, कड सापडतेच. मग बाजूची दोरी पकडा किंवा पाय पुढे, बोटं वर, पाठीवर तरंगत राहा. मदतीसाठी छोट्या एकट्याच्या होडीतून, म्हणजे कयाकमधून, बरोबर असलेला सेफ्टी कयाकवाला येतो, त्याच्या कयाकला पुढून मिठी मारायची.

एका वर्षी माझ्या गटातल्या एका काकांनी नेमकं उलटं केलं. बाहेर आल्यावर पहिलं काम ओरडण्याचं. लाट घशात गेली, मग खोकला, मग घबराट, आणि कयाकवाल्या पोराच्या मानेला असा विळखा घातला की तोही उलटला. दोघंही सुखरूप निघाले. पण त्या दिवसापासून मी काठावर प्रत्येकाकडून श्वासाचा सराव करून घेतल्याशिवाय राफ्टला हात लावू देत नाही. आदल्या रात्री हॉटेलच्या तलावात तुम्हीही करा.

गाइडच्या हाकांमध्ये एक नीट लक्षात ठेवा: हायसाइड. राफ्टची एक बाजू वर उचलली जाऊ लागली की सगळ्यांनी त्या वर गेलेल्या बाजूवर अंग झोकायचं. मन नेमकं खालच्या बाजूला पळा असं सांगतं. मनाचं ऐकलंत की राफ्ट पालथी. या एका हाकेने मी कितीतरी राफ्ट वाचताना पाहिल्या आहेत.

राफ्ट निवडताना विचारा, पॅडलची की वल्ह्याची. पॅडलच्या राफ्टमध्ये तुम्ही सगळे वल्हवता. वल्ह्याच्या राफ्टमध्ये गाइड मधे बसून दोन लांब वल्ह्यांनी एकटा चालवतो आणि तुम्ही फक्त दोरी धरून वजन इकडून तिकडे टाकता. थरार दोन्हीत आहे, पण मेहनत आणि राफ्टवरची पकड यांत फरक आहे.

यावरून पोहता न येणाऱ्या मित्राकडे येतो. इथे पोहण्याचं कौशल्य फारसं कामाला येत नाही. त्या पाण्यात चांगला पोहणाराही पोहत नाही, तरंगतो. प्रश्न असतो डोकं पाण्याखाली गेल्यावर तो काय करतो याचा. जायला अजून आठवडे असतील तर त्याला रोज तरणतलावात न्या. नाक धरून बुडी, मग न धरता बुडी, मग लाइफ जॅकेट घालून पाठीवर पंधरा मिनिटं. हे शांतपणे जमलं तर बुकिंगच्या वेळीच कंपनीला खरं काय ते सांगा, त्यांचा नियम विचारा आणि वल्ह्याची राफ्ट मागा. जमलं नाही, दर वेळी घाबरून उसळी मारत वर येत असेल, तर त्याला घेऊन जाऊ नका. मित्रांच्या आग्रहाखातर "चल रे, काही होत नाही" असं म्हणत नदीत उतरलेला माणूस राफ्टमधल्या बाकी सगळ्यांसाठीही धोका असतो. ज्यांनी त्याला आणलं त्यांना हे नदीत कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

एक गोष्ट सगळे विसरतात. राफ्टिंग संपल्यावर दरीतून वर चढायचं असतं. दोनशे मीटरच्या आसपास उभा चढ, लाकडाच्या मोळ्या बांधून केलेल्या पायऱ्या, ऑक्टोबरचं चाळिशीकडे सरकणारं ऊन, आणि दिवसभर वल्हवून लुळे पडलेले खांदे. सह्याद्रीत नियमित चढणाऱ्यांना जड नाही, पण बैठ्या कामाच्या माणसाचे हाल होतात. आदल्या संध्याकाळी नदीतल्या क्रूझवर गेलात तर दारू नको आणि दिवसभर पाणी पीत राहा. पट्ट्याने घट्ट बसणारे सँडल किंवा जुने बूट घाला, चप्पल पहिल्याच रॅपिडला जाते.

गाइडच्या गळ्यात तुम्हाला सापासारखं शरीर आणि माशासारखं डोकं असलेलं लाकडाचं किंवा हाडाचं लॉकेट दिसेल. तो न्यामिन्यामी, टोंगा लोकांचा नदीदेव. 1950 च्या दशकात खाली करीबा धरण बांधताना मोठे पूर आले, तेव्हा तो कोपला असं टोंगा लोक मानत. माझा एक गाइड मित्र पाण्यात उतरण्यापूर्वी त्या लॉकेटला हात लावल्याशिवाय वल्हं उचलत नाही. आता धबधब्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर खाली बटोका दरीतच 2400 मेगावॅटचं धरण बांधायची योजना दोन्ही सरकारांनी आखली आहे. ते झालं तर यातले कितीतरी रॅपिड साठ्याखाली जातील. राफ्टिंगला मी पहिला नंबर देतो त्यामागे हेही एक कारण आहे.

डेव्हिल्स पूल. हा लिव्हिंग्स्टन बेटाच्या टोकाशी, धबधब्याच्या अगदी ओठावर आहे. 16 नोव्हेंबर 1855 ला स्कॉटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच बेटावर होडीने उतरला आणि कड्यावरून वाकून खाली पाहिलं. तोही कमी पाण्याचाच महिना, म्हणून तर तो तिथवर पोचू शकला. कुंडाच्या कडेला पाण्याखाली खडकाची नैसर्गिक भिंत आहे, ती तुम्हाला अडवते. त्यापलीकडे शंभर मीटरची दरी. झांबियाच्या बाजूने होडीने बेटावर नेतात, तिथून थोडं पोहून कुंडाकडे जावं लागतं, आणि गाइडशिवाय जाता येत नाही. कड्याच्या काठावर पोटावर पालथं पडून खाली पाहिलं की तुषारांमध्ये गोल इंद्रधनुष्य दिसतं, आणि त्याच वेळी छोटे मासे पायाला चावे घेत असतात. दोन्ही एकदम होतं. अंतर छोटं असलं तरी पोहावं लागतं, म्हणून तुमच्या मित्राने बेटावर थांबून काठावरून पाहावं. जागा मोजक्या असतात, महिनाभर आधी नोंदवा, आणि शक्यतो सकाळची फेरी घ्या.

आता बंजी. 1905 साली बांधलेला पोलादी पूल, खाली नदी, उडी 111 मीटर. हा पूल दोन देशांच्या मधोमध आहे, त्यामुळे पासपोर्ट बरोबर लागतो आणि सीमाचौकीवर पुलापुरती चिठ्ठी घ्यावी लागते. पायांना टॉवेल गुंडाळतात, त्यावर पट्टे, त्यावर दोर. तो जड दोर पुलाखाली लोंबत असतो आणि काठाशी उभं राहिल्यावर घोट्यांना खाली ओढत राहतो. फोटोत कधी न दिसणारी ती ओढच खरी भीती आहे. पायाची बोटं फळीच्या बाहेर, मागून आकडे मोजण्याचा आवाज, आणि घोट्यांवर ते वजन. उडी चार सेकंदांची. मग तुम्ही उलटे लोंबकळता, डोक्यात रक्त उतरतं, आणि एक माणूस तारेवरून खाली येऊन तुम्हाला हुक लावतो. पुलाच्या पोटातल्या अरुंद जाळीवरून चालत परत यायचं. मला स्वतःला तो परतीचा रस्ता उडीहून जास्त लक्षात राहिला आहे.

सुरक्षेबद्दल विचारलंत, तर 31 डिसेंबर 2011 ची गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. इथेच एका ऑस्ट्रेलियन तरुणीचा दोर तुटला आणि ती पाय बांधलेल्या अवस्थेत झांबेझीत पडली. दोराचं टोक खडकात अडकलं होतं, ते सोडवून ती काठाला लागली आणि वाचली. त्यानंतरही हजारो उड्या झाल्या आहेत. तरीही काही गोष्टी तुम्ही स्वतः बघायच्या. घोट्यांच्या पट्ट्यांबरोबर अंगाचा हार्नेस स्वतंत्रपणे जोडला आहे ना. वजन काट्यावर घेतलं की तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. दोराच्या उड्यांची नोंदवही आहे का, आणि दुसऱ्या माणसाने सगळं पुन्हा तपासलं का. विचारायला संकोच करू नका. चांगली टीम या प्रश्नांवर चिडत नाही, वही काढून दाखवते.

आणि उणे सात नंबरवाल्या मित्राने बंजी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. इतक्या नंबरच्या डोळ्यात पडदा आधीच ताणलेला आणि पातळ असतो. उलटं लोंबताना आणि दोर मागे खेचताना डोळ्यांतला दाब एकदम वाढतो. पडद्यात रक्तस्राव झाल्याच्या किंवा पडदा सरकल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. निघण्यापूर्वी त्याने बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना "उडी मारणार आहे" असं स्पष्ट सांगावं. गॉर्ज स्विंगमध्ये माणूस उलटा लोंबत नाही. हार्नेसमध्ये सरळ पडतो आणि मग दरीत लंबकासारखा झुलतो, म्हणून डोळ्यांना त्रास कमी. पण झटका तिथेही असतोच, तेव्हा तेही डॉक्टरांच्या होकारावर. तुम्हा बाकीच्यांनाही मी एकच निवडायला सांगेन, आणि माझी निवड स्विंगची. पहिलं मुक्त पडणं संपल्यावर दरीच्या मधोमध झुलत राहता येतं, आजूबाजूला बघायला वेळ मिळतो. उच्च रक्तदाब, पाठीची शस्त्रक्रिया, फिट्स यांपैकी काही असेल तर दोन्ही नकोत.

चष्मेवाल्यासाठी सगळ्यात सुंदर पर्याय मायक्रोलाइट, म्हणजे छोटंसं उघडं विमान. कापडी पंख, मागे एक इंजिन, पुढे पायलट, मागे तुम्ही, आणि पायाखाली काहीच नाही. झांबियातल्या लिव्हिंग्स्टन शहराच्या बाजूने उडतं. मोबाइल किंवा कॅमेरा घेऊ देत नाहीत, कारण हातातून सुटलेली वस्तू थेट मागच्या पंख्यात जाते. पंखावर लावलेल्या कॅमेऱ्यातून फोटो मिळतात. सकाळची पहिली फेरी घ्या, हवा स्थिर असते. वरून नागमोडी दऱ्या एका नजरेत दिसतात. ऑक्टोबरात तुषार कमी असल्यामुळे ती चीर जितकी स्वच्छ दिसते तितकी एप्रिलमध्ये दिसत नाही. हेलिकॉप्टर आरामशीर आहे, पण थरारासाठी त्यावर पैसे घालू नका. पोहता न येणाऱ्यालाही मायक्रोलाइटच द्या.

आणखी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. प्रवासविमा घेताना साहसी खेळ वगळलेले नाहीत ना हे कागदावर वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींत बंजी आणि चौथ्या-पाचव्या श्रेणीचं राफ्टिंग वगळलेलं असतं. गंभीर दुखापत झाली तर जोहान्सबर्गला हलवावं लागतं आणि तो खर्च विम्याशिवाय झेपणारा नाही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. दोन्ही बाजूंच्या गोष्टी करायच्या असल्याने व्हिसा एकदाच आत-बाहेर करू देणारा नको. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या न्या. आणि संध्याकाळी धबधब्याच्या वरच्या बाजूला नदीकाठाने एकटे फिरायला जाऊ नका. तिथे पाणघोडे आणि मगरी आहेत.

क्रम असा लावा. पोचल्याच्या दिवशी झिंबाब्वेकडून धबधबा पायी पाहा, याच बाजूला तेव्हा पाणी असेल. दुसऱ्या दिवशी राफ्टिंग, अंग ताजं असताना. तिसऱ्या दिवशी पहाटे मायक्रोलाइट, मग डेव्हिल्स पूल. अंग दुखत असेल, पण दोन्हीला ताकद लागत नाही. चौथ्या दिवशी सकाळी स्विंग किंवा बंजी. राफ्टिंग शेवटच्या दिवशी ठेवू नका, दरीतून वर यायला कधी किती वेळ लागेल सांगता येत नाही.

राफ्टिंगच्या दिवशी पोहता न येणारा तुमचा मित्र मागे राहणार असेल तर राफ्ट झांबियाच्या बाजूने घ्या आणि त्याला सकाळी तुमच्याबरोबरच बॉइलिंग पॉटपर्यंत खाली येऊ द्या. ताडाच्या दाट झाडीतून पायऱ्या उतरतात. तळाशी दरी काटकोनात वळते आणि पाणी गोल गोल फिरत असतं. तुमच्या राफ्ट तिथूनच सुटतात. पहिला रॅपिड त्याला खडकावर बसून पूर्ण दिसेल. मान वर केली की डोक्यावर पूल, आणि थोडा वेळ थांबला तर त्यावरून उडी मारणारं कुणी ना कुणी दिसतंच. त्याच्याकडे पाण्याची मोठी बाटली मात्र द्या, दहानंतर तो खडक तव्यासारखा तापतो.